ती स्वतःच नको म्हणाली

आपाच्या शिक्षणाचा विषय निघाला की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं असे. "ती स्वतःच नको म्हणाली." अब्बा म्हणत, अम्मा म्हणे, पुढं मोठा झाल्यावर मीही म्हणू लागलो. माझं लग्न झालं तेव्हा बायकोलाही मी हेच सांगितलं. वाक्य खोटं नव्हतं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

१९६६ चा उन्हाळा. तासगाव तालुक्यातलं आमचं खेडं. आपा सातवी पास झाली होती आणि मी चौथी. निकालानंतर तीन-चार दिवसांनी तिचे गुरुजी संध्याकाळचे घरी आले. अब्बांनी बाजेवर चादर टाकली, अम्मानं चहा केला. गुरुजी आमच्याकडे चहा घेत, याचं मला त्या वयात फार अप्रूप वाटे. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे, हायस्कुलात घाला." हायस्कूल चार मैलांवर. अब्बा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "तिलाच विचारा की गुरुजी."

आपा आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गुरुजींनी विचारलं, "काय गं, शिकायचं ना पुढं?"

तिनं एकदा अब्बांकडं बघितलं आणि स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "नको गुरुजी. मला घरीच राहायचंय."

गुरुजींनी चहा संपवला आणि ते गेले. त्याच रात्री आपानं तिचं शाईचं पेन मला दिलं. हिरव्या रंगाचं, फिरकीच्या टोपणाचं. मी ते सदऱ्याच्या खिशाला लावून दुसऱ्या दिवशी गावभर हिंडलो.

मला वाईट वाटलं नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच आहे आणि ते सांगायला मला जवळजवळ साठ वर्षं लागली. भावाला बहिणीबद्दल वाईट वाटणं ही निसर्गाची देणगी आहे, असं आपण समजतो. मी तिच्यावर जीव लावून होतो. तिला ताप आला तर मी जेवत नसे. मग तिची शाळा सुटली तेव्हा मला आनंद कसा झाला?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक घाईनं निष्कर्ष काढतील. त्या वर्षी सातवीत तीन मुली होत्या. आपा, पाटलांची एक आणि वाण्याची एक. त्यांतली फक्त वाण्याची मुलगी पुढं शिकली, कारण तिचा मामा सांगलीला होता. पाटलांची मुलगीसुद्धा घरी बसली. तीही बहुधा स्वतःच नको म्हणाली असेल. तेव्हा हा केवळ आपल्या समाजाचा दोष, असं म्हणून कुणी सुटका करून घेऊ नये. आणि तो सगळ्यांचाच होता, म्हणून आपणही घेऊ नये.

'सामाजिकीकरण' हा शब्द मी पहिल्यांदा बी.एड. करताना ऐकला. नोकरी करता करता, सुट्टीतल्या वर्गांना बसून केलेलं ते बी.एड. शिक्षणाच्या समाजशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर व्याख्या लिहिली, आम्ही उतरवून घेतली. मूल जन्मतं तेव्हा ते जैविक प्राणी असतं. कुटुंब, शेजार, शाळा, धर्म, बाजार त्याचा माणूस करतात, वगैरे. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले गुण मिळाले. पण आमच्या घराचं नाव त्या व्याख्येत आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. 'संस्कार' म्हटलं की आपल्याला कुणीतरी समोर बसवून काहीतरी शिकवतंय असं चित्र दिसतं. श्यामची आई श्यामला सांगते, तसं. प्रत्यक्षात फार थोडं सांगून शिकवलं जातं. बाकीचं आपण बघून उचलतो, आणि उचललं हेही आपल्याला कळत नाही.

आम्ही अत्तार. अब्बा आठवड्याला चार बाजार करायचे. कुंकू, बुक्का, अष्टगंध, फण्या, करगोटे, काळी पोत, सुया, दाभण, दातवण, अत्तराच्या कुप्या असा सगळा माल. आठव्या-नवव्या वर्षापासून मी त्यांच्याबरोबर पालात बसे. गिऱ्हाईक बाई समोर आली की अब्बांची नजर आधी तिच्या कपाळावर जाई. कुंकू असलं तर हात कुंकवाच्या डब्याकडे. पांढऱ्या कपाळाची बाई आली तर अब्बा डबे सहज मागे सरकवत आणि सुया-दोरे, दातवण पुढे करत. तिला अवघडल्यासारखं होऊ नये, हा त्यांचा हेतू. मनानं ते फार हळवे होते. हे त्यांनी मला कधी समजावलं नाही. पण एका बाजारात अब्बा चहाला गेलेले, मी एकटाच पालात; तशी एक बाई आली आणि माझा हात आपोआप डब्यांकडे गेला. मी ते मागे सारले. अब्बा परत येत होते, त्यांनी लांबून पाहिलं. आल्यावर काही बोलले नाहीत, फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजही आठवतो. दहा वर्षांच्या पोरानं केवढं मोठं शहाणपण दाखवलं होतं! त्या बाईला कुंकवाचे डबे नुसते बघायचे असतील का, लेकीसाठी घ्यायचं असेल का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, अब्बांच्याही आला नसावा. ती बाई सुया घेऊन गेली. तिला सुयाच हव्या होत्या, असं आम्ही दोघं खुशाल समजलो.

चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ साली एक कल्पना मांडली. आपण स्वतःला पाहतो ते दुसऱ्याच्या डोळ्यांच्या आरशात. आपण त्याला कसे दिसतो याचा अंदाज बांधतो, तो आपल्याविषयी काय मत करत असेल ते ठरवतो आणि त्यावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो नाहीतर शरम. बी.एड.च्या वहीत हे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. त्याचा अनुभव मात्र मी वही लिहिण्याच्या दहा वर्षं आधीच घेतला होता.

डी.एड.ला शहरात राहायला गेलो. तिथं एका गुरुजनांनी वर्गात माझा निबंध वाचून दाखवला आणि म्हणाले, "मुसलमान असून मराठी बघा किती शुद्ध!" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. माझी छाती फुगली. हो, फुगलीच. राग वगैरे पुढं वीस वर्षांनी आला, तोही चार पुस्तकं वाचल्यावर. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की इथल्या आरशात आपण चांगले दिसतो आहोत आणि तसंच दिसत राहायला हवं. पंधरा दिवसांनी अब्बा मला भेटायला वसतिगृहात आले. अंगात बाजाराचा सदरा, कपड्यांना अत्तराचा आणि बुक्क्याचा वास. जिन्यातूनच मोठ्यानं हाक मारली आणि आपल्या घरच्या बोलीत विचारू लागले, "कैसा है रे? खाने-पीने का बराबर है ना?" खोलीत दोघं मित्र होते. मी अब्बांना मराठीत उत्तर दिलं. "बरा आहे. तुम्ही बसा ना." अब्बा क्षणभर थांबले. मग तेही मराठीत बोलू लागले आणि बसची वेळ होईपर्यंत मराठीतच बोलले. बाजारात परक्या गिऱ्हाइकाशी बोलत तसं, अदबीनं.

अब्बा १९८९ साली गेले. या प्रसंगाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून जे वाचायचं ते वाचलं होतं.

चेहरे वाचण्याची ही कला आमच्या घरात सर्वांत जास्त कुणाला येत असेल तर आपाला. आमच्यात असं म्हणत, की आपा मुळातच शांत. मुळातच समजूतदार. हा 'मुळात' शब्द मला आता फार खोटा वाटतो. मी शाळेत आपाच्या मागच्या वर्गांत होतो. बालकवींची श्रावणाची कविता ती अशी म्हणे की गुरुजी शेजारच्या वर्गातली मुलं आणून उभी करत. सूरपाट्यात पोरांशी भांडे. भांडण अंगावर आलं तर माझ्यासाठी दोन पोरांना तिनं ढकलून दिलेलं मला आठवतं. ही मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी एका उन्हाळ्यात शांत झाली, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती मुळातच शांत होती असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं. मीही.

जेवणाचं तसंच. दस्तरखानावर आधी अब्बा आणि मी, आला-गेला असला तर तो. अम्मा आणि आपा वाढत. बकरी ईदला पहिल्यांदा कलेजी शिजे. ती आम्ही खाऊ. "आपाला कलेजी आवडत नाही," हे आमच्या घरचं दुसरं ठरलेलं वाक्य. २०१६ साली माझे मेहुणे वारले. त्यानंतर आपा वर्षातले काही महिने आमच्याकडे राहू लागली. पहिल्या बकरी ईदला माझ्या बायकोनं तिला आमच्याबरोबरच बसवलं आणि विचारलं नाही, सरळ ताटात कलेजी वाढली. आपानं ती खाल्ली. पुन्हा मागून घेतली. मी बघतच राहिलो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नमक थोडा कम है."

आता माझ्या स्वतःच्या लेकीची गोष्ट सांगतो. ती सांगायला जास्त जड जाते.

मी तोवर बराच सुधारलेला माणूस झालो होतो. हमीद दलवाई वाचले होते. दलवाईंनी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, तो १८ एप्रिल १९६६ रोजी. म्हणजे आमच्याकडे गुरुजी चहाला आले त्याच उन्हाळ्यात. हा योगायोग मी भाषणांत सांगत असे, मात्र आपाचा उल्लेख न करता. दर वर्षी ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर माझंच भाषण असायचं आणि त्यात फातिमा शेख यांच्यावर मी दहा मिनिटं तरी बोलायचो. सावित्रीबाईंनी नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ ला जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. स्वतः आजारी असल्यामुळे सगळं काम फातिमावर पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा. हे मी मोठ्या कौतुकानं सांगे. ज्या बाईविषयी आपल्याला इतकं थोडं ठाऊक आहे, तिच्याविषयी जे टिकलं त्यातही ती कुरकुर करत नाही हेच टिकलं, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नव्हतं.

२००४ साली मुलीला पुण्याला बी.फार्म.ला प्रवेश मिळाला. आम्ही मिरजेत राहत होतो. वसतिगृह, फी, सगळं कळलं. मी आनंदानं पेढे आणले. पण रात्री सगळे बसलो तेव्हा माझ्या छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं झालं होतं. मुलगी, एकटी, पुणं. लोक काय म्हणतील, हा विचार मी मनातूनही केला नाही, इतका मी शिकलेला होतो. नुसतं जड वाटत होतं. डोक्यानं दलवाई वाचले होते. पोटानं ते अजून वाचले नव्हते. मी तिला विचारलं, "तुला जायचंय ना नक्की? बघ, विचार कर. तुझ्यावर आहे सगळं."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "राहू दे पप्पा. इथंच सांगलीला बी.एस्सी. करते."

मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही. चार दिवसांनी मीही कुणाला तरी सांगणार होतो, की आम्ही तयार होतो, तीच नको म्हणाली.

आपा त्या दिवसांत आमच्याकडे आलेली होती. कोपऱ्यात भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "उसके मूँ के तरफ मत देख. नीचे देख के बोल. जाना है क्या?"

मुलगी खाली फरशीकडं बघत राहिली. बराच वेळ. मग रडायला लागली आणि म्हणाली, "जाना है."

ती गेली. शिकली, नोकरीला लागली, तिचं पुढचं तिनं बघितलं. त्या रात्री मी आपाचे आभार मानले नाहीत. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. माझ्या घरात, माझ्या मुलीला, माझ्या तोंडाकडं बघू नको म्हणते म्हणजे काय! आपा असं कधी बोलत नसे. आपा मुळातच शांत.

पुढं केव्हातरी अमर्त्य सेन यांच्या लेखनात मला एक जुनी पाहणी भेटली. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधवांना आणि विधुरांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के लोकांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती धड नाही असं सांगितलं. विधवांपैकी असं सांगणाऱ्या अवघ्या २.५ टक्के. दुष्काळातून निघालेल्या, घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बायका. त्यांचं म्हणे सगळं ठीक होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्याला काय होतंय हे मोजायचं माप कधी त्यांच्या हाती दिलंच गेलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि मला आमच्या पालातली ती पांढऱ्या कपाळाची बाई आठवली, सुया घेऊन गेलेली. आणि मग चौकटीला धरून उभी असलेली आपा.

तरी तिला विचारायला मला आणखी काही वर्षं लागली. मेहुणे गेल्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ. आपा तांदूळ निवडत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. कान दिला तर ती श्रावणाची कविता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ चुकली नाही. साठीपासष्टीच्या आवाजात ती कविता ऐकताना मला कसंतरी झालं. मी विचारलं, "आपा, त्या दिवशी गुरुजींना तू नको का म्हणालीस?"

तिनं सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाली, "अब्बाका मूँ देखी मै."

"अम्मानं आधी काही सांगितलं होतं?"

"कोई कुछ नै बोले. बोलनेका क्या था उसमें?"

मग आपणहून सांगत गेली. अब्बा गुरुजींना नाही म्हणू शकत नव्हते. गुरुजी आपल्या घरी येऊन चहा पितात, त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणायची त्यांची छाती नव्हती. चार मैलांचा रस्ता, भावकीतले लोक, वयात आलेली मुलगी. म्हणून त्यांनी ते तिच्यावर टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी लाचारी तिनं आधी कधी पाहिली नव्हती. बाजारात पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकासमोरसुद्धा नाही. तिला ते बघवलं नाही. तिनं नको म्हटलं आणि अब्बांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं, ते तिला स्पष्ट दिसलं. त्या क्षणी तिला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. आपण काहीतरी मोठं काम केलं असं वाटलं.

"मग वाईट कधी वाटलं?"

आपा हसली. "जूनमें. तू हायस्कूल के पोरांबरोबर नाक्यापर्यंत जायचास ना, मज्जा म्हणून. तुज्या खिशाला पेन दिसायचं." बोलता बोलता ती मराठीत आली होती. आमच्यात हे असं चालतं. "पण मग कुणाला सांगणार? मीच म्हणाले होते ना नको."

मी तिला काही म्हणायला हवं होतं. मी माफी मागितली असती तर तिनं ती उडवून लावली असती, हे मला ठाऊक होतं. ती पुन्हा तांदळात बघू लागली. मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत होतो, पण मला ती विद्या तिच्याइतकी येत नाही. माझ्यावर तशी वेळच कधी आली नाही.

सूप झटकून ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "वो पेन काँ गया रे फिर?"

मला आठवेना. मी खूप आठवून पाहिलं.